साहेब होण्यापूर्वी : शिरोळकर नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! पदोन्नतीचं पत्र आलंय, पगार लाखाच्या घरात गेलाय. नरसोबाच्या वाडीला पेढे ठेवून या. पण सही करण्याआधी, 'कामगार' म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण टिकतं का हे पाहायला, खालच्या पायऱ्या क्रमाने चढा.

पायरी १ : पगाराला घाबरू नका. लाखभर घेणाऱ्याला कामगार कोण म्हणणार, असं चावडीवर सांगतील. कायदा म्हणतो! कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणाऱ्याला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने पगाराची मर्यादा घातली नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही घातलेली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर वैमानिकांनाही कामगार मानलंय. तेव्हा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात स्वतः ड्रॉइंग काढत असाल, तर खुशाल लाख घ्या. मेलबर्नच्या चुलतभावाचा सल्ला मात्र घेऊ नका. तिकडे मिळकतीचीही रेघ ओढतात.

पायरी २ : सुपरवायझर व्हायचं तर गरीब राहा. देखरेख करणाऱ्याचं संरक्षण महिना १८,००० रुपयांपुढे संपतं. आधी ही मर्यादा १०,००० होती, २०१० पूर्वी १,६००.

पायरी ३ : मॅनेजर व्हायचं तर पगार विसरा. व्यवस्थापनाचं काम करणारा बारा हजारांवरही बाहेरच. पण दारावरची पाटी म्हणजे पुरावा नव्हे. अरकल गोविंदराज राव विरुद्ध सिबा गायगी या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुख्य काम कोणतं ते पाहिलं. म्हणून स्वतःला विचारा : मी कुणाची रजा मंजूर करतो? कुणाला मेमो देतो? 'माझ्याच रजेचा अर्ज आठवडाभर पडून आहे' असं उत्तर आलं, तर वाचलात.

पायरी ४ : धंदा तपासा. आपला तालुका उसाचा. साखर धंद्याला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होत आला. त्यात तांत्रिक कामालाही मूळ पगाराची वेस होती. शाळेत असाल तर या वाटेने जाऊच नका : गोव्यातल्या सुंदरंबळ प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक कामगार नाहीत, असं सांगितलं. शिक्षकांचे कायदे निराळे.

पायरी ५ : काढलंच तर? कामगार ठरलात, तर चुकीची बडतर्फी रद्द होऊन कामावर परत घेण्याचा हुकूम मिळू शकतो. खासगी कंपनीतले साहेब ठरलात, तर दिवाणी कोर्ट. तिथे नोकरीचा करार जबरदस्तीने पाळायला लावत नाहीत. भरपाई मिळते, ती बहुधा नोटिशीच्या मुदतीच्या पगाराएवढी.

खबरदारी : रोजचं काम वहीत लिहून ठेवा. 'आज साचा दुरुस्त केला' असं जरूर लिहा. 'वीस जणांच्या टीमचं नेतृत्व करतो' असं लिंक्डइनवर लिहू नका. कंपनीचा वकीलही लिंक्डइन वाचतो.