आहे का कोणी घरात?

विंडोजमध्ये ‘नेटवर्क’ नावाचं एक चित्र असतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की शेजारपाजारचे संगणक ओळीनं दिसायला हवेत. हल्ली बहुतेक वेळा तिथं काहीच दिसत नाही. मग माणसं दोनच निष्कर्ष काढतात: नेट गेलं, नाहीतर मघाशी लाईट जाऊन आली तेव्हा काहीतरी जळलं. प्रत्यक्षात सगळे संगणक हाकेच्या अंतरावर जागे असतात. त्यांना कुणी हाकच मारलेली नसते.

अक्कलकोटात, स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्याला लागून एका कर सल्लागारांचं ऑफिस आहे. तिथले संगणक सांभाळायला मी अधूनमधून जातो. गेल्यावर आधी आज्ञा लिहिण्याचा काळा पडदा उघडतो आणि लिहितो: नेट व्ह्यू, पुढं दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढं त्या संगणकाचं नाव. त्या संगणकानं काय काय वाटून घ्यायला ठेवलंय त्याची यादी खाली येते. त्या ऑफिसचा सारा कारभार ज्यांच्या तोंडावर आहे ते अण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “काय बघलालाव ओ त्या काळ्यात? चित्र नाही, काय नाही.”

चित्र नाही हे खरं. पण चित्रवाली खिडकी नुसती बघते आणि काळा पडदा विचारतो. विचारलं की उत्तर येतं, आणि कधी नकार आला तरी तो स्पष्ट येतो. रिकाम्या पांढऱ्या खिडकीपेक्षा मला तो नकार बरा वाटतो.

नाव न घालता नुसतं ‘नेट व्ह्यू’ लिहिलं तर पूर्वी अख्ख्या गटाची नावं यायची. आता बरेचदा ६११८ क्रमांकाची चूक येते: यादी सध्या उपलब्ध नाही. ही यादी यायची कुठून, ही गंमत ऐकण्यासारखी आहे. गटातले संगणक आपसांत चक्क निवडणूक घ्यायचे. त्या व्यवस्थेत हाच शब्द आहे. कुणाची प्रणाली वरच्या दर्जाची ते आधी बघायचं. तिथं बरोबरी झाली तर जास्त वेळ चालू असलेला जिंकणार, आणि तिथंही अडलं तर नाव वर्णक्रमानं आधी येईल तो. निवडून आलेल्याचं काम एकच, कोण कोण हजर आहे याची वही ठेवायची. बाकीच्यांनी दर बारा मिनिटांनी ‘मी आहे’ म्हणून ओरडायचं. तीन हाका चुकल्या की नाव कापायचं. म्हणजे कुणी तडकाफडकी वायर उपटून घरी गेला, तरी वहीत तो पुढं छत्तीस मिनिटं हजर. सरकारी कचेऱ्यांत खुर्चीवर टांगलेल्या रुमालानं जी सेवा अनेक वर्षं बजावली, तीच ही. म्हणून त्या यादीवर माझा कधीच फार विश्वास नव्हता. ज्याचं नाव माहीत आहे त्यालाच थेट विचारावं.

पण विचारायचं कुठल्या भाषेत?

अक्कलकोटात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५६ साली भाषावार राज्यं झाली आणि सीमारेषा इथून जवळच आखली गेली. तालुक्यातल्या कितीतरी घरांत मात्र आजही चूल पेटते ती कन्नडमध्ये आणि सातबारा येतो मराठीत. अण्णांचं तसंच आहे. मंदिराच्या वाटेवरचे दुकानदार तर बघत राहावेत असे. पुण्याची बस रिकामी झाली की “या ताई, माळ बघा”, कलबुर्गीची गाडी आली की “बर्री, एन बेकु?”, आणि दोन्ही ओळखू येईनात तेव्हा हिंदी. पहिल्या वाक्यात भाषा ठरते, भाव त्यानंतर.

संगणकांचंही अगदी हेच चालतं, म्हणून तर मला हा विषय या गावाचा वाटतो. फायली वाटून घेण्याची एसएमबी नावाची जी पद्धत आहे, तिच्यात एक संगणक दुसऱ्याच्या दारात गेला की पहिल्या निरोपात फाईल मागतच नाही. मला कुठकुठल्या बोली येतात, याची यादी देतो. जुन्या याद्यांत ‘पीसी नेटवर्क प्रोग्राम १.०’, ‘लॅनमॅन १.०’, ‘एनटी एलएम ०.१२’ अशी नावं असत. आणि त्यांना खरोखरच बोली म्हणतात, हे मी पदरचं घालत नाही. समोरचा त्यातली आपल्याला येणारी एक निवडतो आणि मग व्यवहार सुरू होतो.

ही भाषा एका माणसानं तर दुकानात बसून शिकावी तशी शिकून घेतली. १९९१च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. एका संगणकाच्या फायली दुसऱ्याला दिसाव्यात एवढीच त्याची गरज होती, पण दोघांमधलं बोलणं त्याच्यापाशी कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं वायरीवरून जाणारे निरोप नुसते टिपले. कुणी काय मागितलं, समोरून काय आलं. पुढं त्यानंच या रीतीला फ्रेंच कॅफेची रीत म्हटलं: भाषा येत नसेल तर कॅफेत जाऊन बसा, गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका आणि वेटर काय आणून ठेवतो ते बघा. माझ्या अर्ध्या अक्कलकोटकर मित्रांचं कन्नड याच रीतीनं आलंय, फक्त कॅफेच्या जागी किराणा दुकान. टिपलेल्या निरोपांवरून ट्रिजेलनं लिहिलेल्या प्रणालीचं नाव पुढं ‘सांबा’ झालं. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा एस, एम, बी ही तीन अक्षरं क्रमानं येणारे शब्द त्यानं शब्दसूचीतून एका आज्ञेनं गाळून काढले आणि त्यातला हा उचलला. बारसंसुद्धा काळ्या पडद्यावरच.

अण्णांच्या ऑफिसात या पडद्यानं एकदा जरा अवघडलेपण आणलं. वाटून ठेवलेल्या फोल्डरच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह टाकलं की ते इतरांना दिसत नाही, अशी समजूत सर्वदूर आहे. ती अर्धीच खरी. ज्या संगणकावर ते फोल्डर आहे तो मागणाऱ्याला सगळी नावं प्रामाणिकपणे सांगून टाकतो, डॉलरसकट. लपवतं ते मागणाऱ्याकडचं विंडोज. म्हणजे हा पडदा नव्हे, हा नुसता शिष्टाचार. लिनक्सच्या काळ्या पडद्याला तो शिष्टाचार नाही. तिथून एसएमबीक्लायंट नावाच्या आज्ञेनं यादी मागितली की डॉलरवाली नावंही इतरांच्या पंगतीत येऊन बसतात. मी यादी मागितली. ‘जीएसटी’, ‘जीएसटी जुनं’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ आणि त्यांच्याखाली ‘पगार’, पुढं डॉलर. शेजारी बसलेल्या पोरानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “अण्णा, आपल्यात पगार डॉलरमध्ये हाय व्हय?”

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोल्डर उघडायला पासवर्ड होताच, त्यामुळे झाकली मूठ तशीच राहिली. पण तेव्हापासून मी पडदा उघडला की अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसतात.

खरी पंचाईत झाली ती कोपऱ्यातल्या जुन्या झेरॉक्स मशीनची. कागद घालायचा, बटण दाबायचं, स्कॅन थेट ऑफिसच्या फोल्डरमध्ये, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ऑफिसात नवे संगणक आले आणि तिचे स्कॅन पोचेनात. कारण साधं होतं. त्या बिचारीला एसएमबीची पहिलीच पिढी येते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूनं याच जुन्या पिढीतलं एक भगदाड वापरून जगभर धुमाकूळ घातला. या पिढीला निवृत्त करायचं मायक्रोसॉफ्टनं त्याआधीच ठरवलं होतं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून ती आपसूक बसवणं बंद झालं. शेजारच्या संगणकांची ती जुनी वही याच पिढीच्या आधारानं चालायची, त्यामुळे तीही गेली. चित्रवाली खिडकी रिकामी पडण्याचं एक मोठं कारण हेच. झेरॉक्स मशीन आपली एकुलती एक बोली घेऊन दारात उभी, आणि नवा संगणक ती बोली ऐकायलाच तयार नाही.

नवी मशीन घ्या, असं म्हणणं सोपं. अण्णांनी किंमत ऐकली आणि नुसते छताकडे बघत राहिले. मग माळ्यावरचा एक टाकून दिलेला संगणक खाली काढला, पुसला, त्याच्यावर लिनक्स आणि सांबा चढवलं आणि त्याला दुभाषा करून मध्ये बसवला. मशीन त्याच्याशी जुन्या बोलीत बोलते, नवे संगणक नव्या बोलीत बोलतात, आणि फोल्डर एकच. जुन्या बोलीचं दार सांबासुद्धा २०१९पासून बंद ठेवूनच येतं, ते मुद्दाम उघडावं लागतं. म्हणून हा दुभाषा ऑफिसाबाहेरच्या कुणाशी बोलणार नाही असा बंदोबस्त केला. अण्णांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. “म्हणजे माझ्यासारखंच की,” म्हणाले, “खेड्यातल्या पार्टीशी कन्नड, साहेबाशी मराठी.”

सांबात एक आकडा लिहिता येतो, शून्यापासून २५५पर्यंत. त्यावर त्या जुन्या निवडणुकीतलं वजन ठरतं. पासष्ट लिहिलं तरी जुने विंडोज सर्व्हर हरत. मी पासष्ट लिहिलं आणि निकाल बघितला, तर आमचा म्हातारा बिनविरोध आला होता. नवे संगणक या निवडणुकीला आता उभेच राहत नाहीत.

त्याच्या नावाचं मात्र अडलं. अण्णांनी हातोहात सांगितलं, “श्रीस्वामीसमर्थ ठेवा, दुसरं कशाला?” अक्कलकोटात याला कोण नाही म्हणणार. पण या जुन्या व्यवस्थेत संगणकाच्या नावाला पंधराच अक्षरं मिळतात. सोळावी जागा असते, पण ती तो संगणक कुठली सेवा देतो हे सांगायला राखून ठेवलेली. आणि इंग्रजी अक्षरांत श्रीस्वामीसमर्थ लिहायला नेमकी सोळा लागतात. शेवटचा एच कापला जातो. अण्णांनी कागदावर लिहून, बोट ठेवून, दोनदा मोजलं.

“एच नाही म्हणजे काय उरतंय?” त्यांनी विचारलं.

“शेवटी मार्ट उरतंय, अण्णा.”

अण्णा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढचं ‘श्री’ खोडलं, उरलेली अक्षरं पुन्हा मोजली, बारा भरली, आणि म्हणाले, “तीन शिल्लक हायेत. ती जपून ठेवा, पुढच्या मशीनला लागतील.”