ळ बाळाचा

मराठीत 'ळ'पासून सुरू होणारा एकही शब्द नाही. बाकीची अक्षरं शब्दाच्या दाराशी उभी राहून आल्यागेल्याला आपलं नाव सांगतात. 'ळ' मात्र कायम आत कुठेतरी, नाहीतर अगदी मागे. अंकलिपीत प्रत्येक अक्षराला आपापलं चित्र असतं. याच्या वाट्याला बाळ येतं आणि तेही खरं 'ब'चं. घटकाभर मांडीवर घ्यायला म्हणून मागून आणल्यासारखं. लग्नघरात ओटीच्या कडेला एक लांबचे काका टेकलेले असतात, ते मुलीकडचे की मुलाकडचे हे कुणालाच नीट ठाऊक नसतं, तसं हे अक्षर. पण त्या काकांना उठवून पाहा. शाळा जाते, फळा जातो, केळं जातं, आभाळ, वेळ, जवळ, सगळं जातं. 'सगळं'सुद्धा जातं.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका परदेशी पाद्र्यानं. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. आजोबांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि समोर विद्यार्थी नसला की ते मांजराला शुद्धलेखन सांगत. अशा माणसाकडे, पेणला आमच्या पडवीत, आठवड्यातून तीन दुपारी एक उंच, उन्हानं नाक कोकमासारखं झालेला तरुण सायकल टेकवून आत येऊ लागला. त्याला पुढे रोह्याकडच्या आदिवासी वाड्यांवर जायचं होतं आणि त्याआधी मराठी यायला हवी होती. त्याच्या नावात तीन-चार जोडाक्षरं गर्दीतल्या एसटीसारखी एकमेकांच्या अंगावर पडलेली होती. आजीनं ती भानगड पहिल्याच दिवशी मिटवली आणि त्याला पाद्रीबाबा म्हणायला सुरुवात केली. वय असेल सव्वीस-सत्तावीस. बाबा कसला, अंकलिपीतलं बाळच ते.

येताना तो काय-काय शिकून आला होता कोण जाणे. ग्रीक, लॅटिन, देवाचं अस्तित्व सिद्ध करायच्या रीती. पेणच्या मे महिन्यात त्यातलं काहीच कामाला येत नव्हतं. फणस कापण्याआधी हाताला खोबरेल लावायचं असतं, हे त्याला कुठल्याच धर्मग्रंथानं सांगितलं नव्हतं. पहिल्या फणसानंतर दोन दिवस त्याची बोटं आशीर्वाद देत असल्यासारखी एकमेकांना चिकटलेली होती. पाटावर मांडी घालून बसला की उठताना त्याचे गुडघे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक वाजत. चहा बशीत ओतून प्यायचा तर फुंकर किती जोरात, याचा अंदाज यायला महिना गेला. आणि प्रश्न. पेठेत भेटेल तो आधी विचारी, लग्न का नाही केलंत? मग, पगार किती मिळतो? यांची उत्तरं त्यानं पाठ करून ठेवली होती. आजीनं मात्र तिसराच प्रश्न विचारला, "तिकडे आईजवळ कोण असतं?" तेव्हा त्याला मराठी येईनाशी झाली. आजीनं पुन्हा विचारलं नाही. त्याच्या ताटात बिरड्याचा आणखी एक डाव वाढला.

बिरडं म्हणजे वाल, आणि खरा घोटाळा तिथेच होता. रायगड जिल्ह्यात परदेशी माणसाची परीक्षा घ्यायला वेगळा पेपर काढावा लागत नाही. अंगणात वाल वाळत घातलेले असतात. "वाल वाळले का बघा हो पाद्रीबाबा," आजी आतून म्हणे आणि तो बाहेरून प्रामाणिकपणे सांगे, "वाळ वालले." आजोबा डोळे मिटून घेत. काल आणि काळ, वेल आणि वेळ, चाल आणि चाळ, गाल आणि गाळ; सगळी जुळी भावंडं त्याच्यापुढे रांगेत उभी आणि त्याला कोण कुठलं तेच ओळखता येत नाही. आजोबांनी उपाय बरेच केले. आरसा दिला. स्वतःचा जबडा उघडून दाखवला. त्यात दातच कमी असल्यामुळे जिभेची चाल फार छान दिसे. शेवटी फणसच मदतीला आला. "गरा खाताना तोंडात आठळी राहते की नाही? ती जिभेच्या टोकानं मागे टाळूकडे न्या. नेलीत? आता तिथून पुढे सोडून द्या." त्यानं गरा खाल्ला, आठळी मागे नेली, भुवया वर गेल्या, मान जरा वाकडी झाली आणि त्याच्या तोंडून एक गोल, ओला, कोवळा 'ळ' पडवीत घरंगळत आला. "आठळी," तो म्हणाला. मांजरसुद्धा उठून बसलं.

नवं काही मिळालं की माणूस ते सगळीकडे वापरून पाहतो. पुढचे पंधरा दिवस पाद्रीबाबांनी 'ळ' तिखटासारखा सर्वत्र भुरभुरला. किराणा दुकानात जाऊन त्यांनी सांगितलं, "मी काळ आलो होतो. दुकान बंद होतं." दुकानदारानं साखर तोलता-तोलता वर पाहिलं आणि म्हणाला, "बंद होतं म्हणून वाचलो." मोक्षाची वार्ता घेऊन सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसानं पेणच्या बाजारात यमदूताचं काम केलं, ते असं.

तो काही पहिला नव्हता. याच किनाऱ्यावर, जरा दक्षिणेला, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आहे. 1823 साली स्कॉटिश मिशनचा डोनाल्ड मिचेल तिथे आला आणि त्याच वर्षी वारला. 1829 मध्ये जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला म्हणून बाणकोट-हर्णैकडे गेले. हाच विल्सन पुढे मुंबईत शाळा काढणार, तिचं कॉलेज होणार, त्याचं नाव चौपाटीवरच्या दगडी इमारतीला लागणार. इतिहासात त्याचे वाद असतात, ग्रंथ असतात. मला दिसतो तो मात्र कोकणातल्या एखाद्या कौलारू घरात, बाहेर बेडूक ओरडताहेत, समोर शास्त्रीबुवा, आणि हा दिव्याच्या उजेडात जीभ मागे वळवून बसलेला. ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याच पुढे आधी पाटी घेऊन बसायचं; ज्याच्या देवाशी वाद घालायचा त्याच शास्त्र्याकडून क्रियापदं चालवून घ्यायची. गोर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आला, गावोगाव हिंडला आणि 1826 साली नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेला. विल्यम केरीनं तर महाराष्ट्र पाहिलाही नाही. बंगालात बसून, वैजनाथ पंडिताच्या मदतीनं, 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. या सगळ्यांनी किती लोक बदलले त्याचा हिशेब त्यांच्या अहवालांत असेल. पंडितांनी यांच्या जिभा किती बदलल्या, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आणि आमच्या बाजूला तर फारच गोड गंमत झाली. या पट्ट्यात बेने इस्राएल हे यहुदी लोक राहायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. बोलणं मराठी, नेसणं मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, अष्टमकर. बायबलच्या जुन्या करारातली माणसं नारळीपोफळीत भेटली म्हणून मिशनऱ्यांना कोण आनंद! त्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या आणि विल्सननं 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून लिहिलं. हेतू असा की मूळ ग्रंथ वाचतील, मग हळूहळू नव्या कराराकडे वळतील. बेने इस्राएल मंडळींनी मनापासून आभार मानले, हिब्रू शिकून घेतली आणि पूर्वीपेक्षा पक्के यहुदी झाले. 1863 मध्ये पेणला त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं. शेजाऱ्यानं जावई करायच्या आशेनं मुलाला शिकवावं आणि मुलानं पदवी घेऊन, पेढे देऊन, आपल्याच मामाच्या मुलीशी लग्न करावं, तसं झालं हे. विल्सनला याचं वाईट वाटलं असेल का, असं मला अधूनमधून वाटतं. मास्तराच्या जातीचा माणूस असेल तर मनातून थोडं बरंही वाटलं असेल.

पावसाच्या तोंडाला पाद्रीबाबा रोह्याला गेले. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. 'पूज्य गुरुजी, इथे पुष्कळ पाऊस आहे. कुंडलिका काळी दिसते. कपडे वाळत नाहीत. सगळ्यांना नमस्कार.' आजोबांनी लाल पेन्सिलीनं एक ऱ्हस्व दुरुस्त केला, ळ मोजले आणि कार्ड देव्हाऱ्याशेजारच्या फटीत खोचलं.

दिवाळीत ते स्वतः आले, पण तोंड उतरलेलं. आमच्या पेणच्या वेशीबाहेर खारेपाट सुरू होतो. खाडीचं पाणी बांध घालून अडवलेलं, आत भातशेती, आणि बोली आगरी. त्या बोलीत 'ळ' नाही. डोळ्याचा डोला, काळ्याचा काला. 'ण'चा 'न' आणि 'ड'चा 'र'. एसटीच्या पाटीवर वडखळ, तोंडात वरखल. रोह्याच्या गाडीत पाद्रीबाबांच्या शेजारी एक मासेवाली टोपली घेऊन बसली होती; त्यांनी कमावलेल्या 'ळ'नं सुंदर विचारलं, "मासळी कोणती?" ती म्हणाली, "काय तं? मासली बोल, मासली!" आणि साऱ्या गाडीनं त्यांना दुरुस्त केलं. "गुरुजी," पाद्रीबाबा म्हणाले, "हे तर मला आधीच येत होतं."

आजोबा गप्प झाले. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हे अक्षर आहे, पुढच्या संस्कृतानं ते टाकलं आणि आम्ही मराठीनं सांभाळलं, असं ते आम्हाला नेहमी छाती काढून सांगत. आता सांभाळलेल्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर काय बोलणार? आजीनंच आतून निकाल दिला, "दोन्ही ठेवा हाताशी. पेठेत एक, खारेपाटात एक." आणि चकल्यांची ताटली बाहेर पाठवली.

त्यानंतर ते दोनदा आले असतील. मग बदली झाली, कार्डं विरळ झाली, आजोबा गेले. देव्हारा हलवला तेव्हा फटीतलं कार्ड निघालं. शाई उडाली होती, लाल ऱ्हस्व तेवढा शाबूत होता.

गेल्या वर्षी मी पेणच्या बाजारात पोहे घ्यायला उभा होतो. शेजारी साठीच्या एक बाई, पायात चालायचे बूट, गळ्यात ऊन-टोपीची दोरी. त्यांनी पोहे घेतले, गूळ घेतला, खोबरं घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "मलिदा करायचा आहे." बेने इस्राएलांच्या घरी एलियाहू पैगंबराचं स्मरण करतात तेव्हा पोह्यांचा गोड मलिदा करतात आणि ताटात फळं मांडतात, हे मला ठाऊक होतं. मी बोलतं केलं. इस्रायलमधल्या डिमोनाहून आल्या होत्या, मुलींना सिनेगॉग दाखवायला. घरात मराठी आईपर्यंत होती, आपल्यापर्यंत अर्धी आली, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मराठीत काहीतरी हललेलं होतं, ते काय हे चटकन कळेना. हिब्रूत 'ळ' नाही, हे मला नंतर सुचलं. माझ्या पाद्रीबाबांनी आठळी चघळून जे मिळवलं, ते यांच्या घरातून दोन पिढ्यांत, कुणी न काढता, खिशातल्या सुट्या पैशांसारखं गळून गेलं होतं.

मग त्या रस्त्याकडेला बसलेल्या फळवालीपुढे वाकल्या. मी उगाचच पुढे झालो, अडलं तर सांगावं म्हणून.

"केली कशी दिली?"

"केली घे गो बाय, गोर हाय," फळवाली म्हणाली. तिला कुठेच काही हललेलं वाटलं नाही. फणी उचलता-उचलता तिनं त्या टोपीच्या दोरीकडे पाहिलं. "कनचे गावची गो तू?"

बाईंनी क्षणभर मुलींकडे पाहिलं.

"पेनची," त्या म्हणाल्या.

फळवालीनं डझनावर दोन केळी जास्त घातली.