चार चाकांचे कानसेन

कोथरूडमधला फ्लॅट विकून भूगावला त्याहून एक खोली जास्त असलेला घ्यायचा आणि कुणी विचारलं तर "शांततेसाठी आलो" असं सांगायचं, ही रीत मुळशी तालुक्यात आता चांगली रुळली आहे. खरं कारण चौरस फुटाचा भाव असतं, पण ते कुणी सांगत नाही. ज्या तालुक्याने १९२१ साली धरणाविरुद्ध साऱ्या देशाला ऐकू जाईल असा आवाज उठवला, त्याच तालुक्यात हल्ली लोक आवाज नको म्हणून घरं घेतात. घर घेऊन होतं, खिडक्यांना दुहेरी काचा लावून होतात, शेजारच्या बंगल्यातल्या कुत्र्याबद्दल सोसायटीला पत्र देऊन होतं. मग यातल्या काही मोजक्या लोकांचं लक्ष गाडीच्या टायरकडे जातं. त्यांना मी मनातल्या मनात कानसेन म्हणतो.

बावधनपासून पौडपर्यंत दर सोसायटीत एक तरी कानसेन असतोच. लग्नाला गेलं की बाकीचे लोक कार्यालयात शिरतात, कानसेन पार्किंगमध्ये उकिडवे बसलेले सापडतात. ते दुसऱ्याच्या गाडीचा टायर वाचत असतात. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. एवढं वाचून झालं की कानसेन आत येतात आणि मुलीच्या बापाच्या कानाशी लागतात, "माणसं चांगली दिसतात हो. पण टायर सतराचे आहेत."

आमच्या सोसायटीतले कानसेन बँकेतून निवृत्त झालेले. सवाई गंधर्व महोत्सवाला दर डिसेंबरात घोंगडी, थर्मास आणि स्वतःची उशी घेऊन जाणारे. गाडी साधी वॅगनआर, टायर १६५/७० आर १४. हे आकडे ते ताल सांगितल्यासारखे हातावर मोजत सांगतात. गाणं आणि गाडी यांचा संबंध काय, असं कुणी विचारलंच तर ते पंडित भीमसेन जोशींचा दाखला देतात. पंडितजींना मोटारींचा शौक होता, लांबलांबच्या मैफलींना ते स्वतः गाडी चालवत जात, हे खरंच आहे. टायरच्या आवाजाबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

कान तिखट आहे, हे मान्य करायलाच हवं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने उडवला, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर जागे होतो. स्फोट झाल्यावर कानसेन एवढंच म्हणाले, "आवाजात दम नव्हता. पडलेला नाही तो." आणि पूल खरोखरच पुरता पडला नव्हता. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. तेव्हापासून सोसायटीत त्यांच्या कानाला मान आहे. पंपाची मोटर, लिफ्ट, मिक्सर यांपैकी काहीही बिघडलं की मेकॅनिकच्या आधी त्यांना बोलावतात.

तर अशा माणसाच्या गाडीला घरघर लागली. चाळीसच्या पुढे गेलं की खालून एक सलग हुंकार यायचा. आपण काचा वर करून गाणी लावली असती. कानसेनांनी गाणी बंद केली आणि घरघर ऐकायला सुरुवात केली.

त्यातून त्यांनी जो सिद्धान्त काढला, तो मी आधी हसण्यावारी नेला होता. पण हिशोब करून पाहिला, तर तो बरोबर निघाला. टायरच्या नक्षीचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात, त्यांच्या मधल्या खाचांत सापडलेली हवा दाबली जाऊन फटकन सुटते. वेग वाढला की हे आपटणं त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून सूर चढतो. आता साठच्या वेगाला षड्ज धरा. ऐंशीला तो चार-तृतीयांश होतो, म्हणजे शुद्ध मध्यम. नव्वदला पंचम. शंभरला धैवत. एकशेवीसला तार षड्ज, पण द्रुतगती महामार्गावर मोटारींना मर्यादा शंभरची. "म्हणजे बघा," कानसेन कळवळून म्हणाले, "सरकार आपल्याला सप्तक पूर्ण करू देत नाही."

शिवाय खाली एक सूर असा असतो, की तो वेगाबरोबर हलत नाही. टायरच्या पोटातली हवा गोल फिरून स्वतःच घुमते. साधारण दोनशे ते अडीचशे हर्ट्झला. चौदा इंची चाकात तो काळी पाचच्या आसपास बसतो, हे त्यांनी घरच्या पेटीवर बोट ठेवून मला ऐकवलं. मोठ्या गाड्यांसाठी यावर उपाय म्हणून टायरच्या पोटात फोमची पट्टी चिकटवलेली असते. आपल्या मापात ती मिळत नाही असं दुकानदाराने सांगितलं, तेव्हा कानसेनांचा चेहरा पडला नाही. तानपुरा काढून घेतला जाणार नाही, हे कळून ते जरा सुखावलेच असावेत.

पण पुढे त्यांना एक धक्का बसला. हे टायर बनवणारे लोक नक्षीचे सगळे ठोकळे एकाच मापाचे ठेवत नाहीत. काही आखूड, काही लांब, असे ठरवून विस्कटून मांडतात. सगळे सारखे असले तर एकच स्वच्छ सूर लागेल आणि तो डोक्यात जाईल. विस्कटले की आवाज दहा सुरांत विखुरतो, त्याची नुसती सळसळ होते आणि कान तिकडे लक्ष देईनासा होतो. आवाजाची एकूण रक्कम फारशी कमी झालेली नसते, ती फक्त वाटून दिलेली असते.

"म्हणजे मुद्दाम बेसूर करतात?" कानसेनांनी मला दोनदा विचारलं.

शांत टायर म्हणजे सगळ्यात हुशारीने बेसूर केलेला टायर, हे पचवायला त्यांना बरेच दिवस लागले. त्या काळात ते गाडी काढत नसत, पीएमपीने जात.

सावरल्यावर त्यांनी शास्त्रशुद्ध चाचण्या सुरू केल्या. ज्यांनी टायर बदलले त्यांच्या गाडीत बसून जायचं, पौड मागे टाकलं की सगळ्यांना गप्प करायचं. चिवडा खायला बंदी, कारण पिशवी कुरकुरते. एका चाचणीत मागच्या सीटवर गाडीमालकाच्या सासूबाई घोरल्या, ती चाचणी रद्द धरण्यात आली. रस्ता कुठे सिमेंटचा, कुठे डांबराचा, त्यावर सगळं ठरतं. सिमेंटवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, तिथे चांगला टायरही बोलतो. डांबरावर तोच मुकाट होतो. म्हणून कानसेन मुंबईला जाताना अजूनही जुन्या हायवेने जातात. दोन तास जास्त लागतात, पण ते तासही ऐकण्यात जातात.

सगळ्यात मोठी आशा त्यांना जर्मनीतल्या भाच्याने लावली. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल असतं, त्यावर आवाज थेट डेसिबलमध्ये छापलेला असतो. भाच्याने फोटो पाठवला, ६९ डेसिबल. कानसेनांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले. मग त्यांनी बारीक अक्षर वाचलं. हा आवाज गाडीच्या आत मोजतच नाहीत. इंजिन बंद करून गाडी ऐंशीच्या वेगाने वाहू देतात आणि वाटेच्या मध्यापासून साडेसात मीटरवर माइक ठेवून बाहेरून मोजतात. शांतता मिळते ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला.

कानसेनांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे वीस हजार आपण घालायचे आणि शांत वाटणार पौड रोडवर कणसं विकणाऱ्या बाईला?"

"ऐंशीचा वेग म्हणजे मध्यम," कानसेन पुटपुटले. यापलीकडे त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं.

टायरचा आणि शांततेचा संबंध जुना आहे, हे मात्र ते कुणालाही ऐकवतात आणि ते ऐकण्याजोगं आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते आणि ती दगडावर कशी वाजते हे मुळशीतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. लंडनमध्येही घोडागाड्या तशाच वाजत. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं आणि १८४७ साली रीजंट्स पार्कमध्ये ती चाकं गाड्यांना लावून दाखवली. गाडी चालते आणि वाजत नाही, ही त्यातली नवलाई होती. मग लोक ते विसरले आणि १८८७-८८ मध्ये डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. थोडक्यात, टायर जन्माला आला तो आराम आणि शांतता यांसाठीच, वेग नंतर आला. हे सांगताना कानसेनांचा आवाज इतका चढतो की खालचा वॉचमन वर बघतो.

मधल्या काळात त्यांनी हवाही कमी करून पाहिली. नरम टायर खड्डे गिळतो हे खरं. पण हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, आणि त्याहून बरीच कमी ठेवली तर टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात, घाटात हे बरं नव्हे. रुंद टायर घालायचाही विचार झाला. रुंद म्हणजे जास्त रबर, जास्त आवाज, आणि साचलेल्या पाण्यावर तरंगायची जास्त भीती. मुळशीत पाण्याचा विचार आधी करावा लागतो. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. त्या पावसात ज्या खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं, त्याच खाचा कोरड्या रस्त्यावर फटफटतात. खाचा नसलेला, गोटा झालेला टायर तसा फार शांत असतो. तो आपल्याला अगदी निवांत घेऊन जातो. कुठे, ते वळणावर कळतं.

शेवटी काकूंनीच गाडी पिरंगुटच्या टायरवाल्याकडे नेली. कानसेन शेजारी बसून होते. टायरवाला पोरगा विशीतला, कानात एक इअरफोन, दुसरा लोंबता. कानसेनांनी त्याला षड्जापासून सुरुवात केली. घाटात उजव्या वळणावर सूर चढतो आणि डाव्या वळणावर बसतो, ही मींड त्यांनी हाताने काढून दाखवली. पोराने गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक हाताने गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर टेकवला.

"काका, टायर नाय वाजत. बेरिंग गेलंय ह्याचं."

उजव्या वळणावर भार डावीकडे येतो, म्हणून सूर चढत होता. कानसेनांनीही स्प्रिंगवर हात ठेवला. रबराची चिरफाड करण्यात गेलेले सगळे महिने त्यांच्या तळव्याला खरखरीत लागले असणार.

"पण टायर बदला," पोरगा म्हणाला. "ते गोटा झालेत. हे बघा." खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, झीज तिथवर, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली की टायरचं आयुष्य संपलं. चारही टायर त्या रेषेला टेकले होते. सगळ्यात शांत टायर कोणता याचा अभ्यास चालू असताना हे गृहस्थ अख्खा पावसाळा त्यांच्यावर हिंडले होते.

पोराने अपोलो, सिएट, ब्रिजस्टोन, योकोहामा अशी नावं घेतली आणि कानसेनांनी वहीसाठी खिशात हात घातला. त्याच्या आधी काकू बोलल्या. "ओल्यात थांबतात ते दे. आणि याच वर्षीचे दे, आकडे मी वाचणार आहे." अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवं बेरिंग धरून दुपारपर्यंत काम झालं. बॅलन्सिंग करताना चाकाच्या कडेला शिशाचे जे चिमुकले तुकडे ठोकतात, ते कानसेनांनी प्रत्येक चाकाचे मोजून घेतले.

गाडी आता बरी चालते. नेमकी किती बरी चालते, हे त्यांना विचारायची सोय नाही. विचारलं तर चहा येतो, पेटी उघडते आणि संध्याकाळ जाते. बेरिंग या विषयावर त्यांचं वाचन सध्या जोरात आहे. भाच्याकडून काही जर्मन कागद आल्याचंही कळलं.

माझ्या गाडीचे टायर बदलायला झालेत, ही गोष्ट मी घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. रात्री उशिरा येतो, गेटपासून गाडी न्यूट्रलवर ढकलल्यासारखी हळू आणतो, शेवटचं वळण अगदी जपून घेतो. कानसेन तिसऱ्या मजल्यावर राहतात, खिडक्यांना दुहेरी काचा आहेत. काल लिफ्टमध्ये भेटले. वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले,

"तुमचं मागचं उजवं."