पंधरा बाय दहाचं शालेय वर्ष

स्नेहसंमेलनात वाचायचा वार्षिक अहवाल लिहून द्या, असा निरोप एका हायस्कूलकडून आला. शाळेचं नाव सांगत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही पालकाला ती आपल्याच पोराची वाटेल, इतकी ती आदर्श आहे. मुख्याध्यापकांनी हातावर पेनड्राइव्ह ठेवला. आत अकराशे फोटो. "वर्षभरात जे केलं ते सगळं यात आहे," ते म्हणाले. "जे यात नाही ते झालंच नाही असं समजा."

बसलो बघत. जूनमध्ये प्रवेशोत्सव. गुलाबाची फुलं मोजून बावीस आणि मुलं तीनशे, त्यामुळे फोटो झाला की फूल परत घ्यायचं आणि पुढच्या रांगेला द्यायचं, अशी सोय केलेली. पाचव्या फोटोपर्यंत पाकळ्या निम्म्या गळाल्या होत्या, उत्साह शाबूत होता. जुलैमध्ये वृक्षारोपण. खड्डा ओळखीचा वाटला म्हणून गेल्या वर्षीचे फोटो मागवले. तोच खड्डा. त्याच्या आदल्या वर्षीही तोच. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "नवा काऊन खोदाचा जी? इथची माती मऊ झाली आता." विज्ञान प्रदर्शनात आठ ज्वालामुखी होते, आठही एकाच स्टेशनरीच्या दुकानातले. कॉपीमुक्त अभियानाची घोषवाक्यं सगळ्या वर्गांनी फळ्यावरून जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

मुख्य उपक्रम मात्र 2 ऑक्टोबरचा. सेवाग्राम आश्रमात स्वच्छता. त्या दिवशी मीही बसमध्ये होतो. वर्ध्यापासून आठ किलोमीटर, त्यामुळे गाण्याच्या भेंड्या 'म'वरच राहिल्या. उतरल्याबरोबर नवे कोरे झाडू वाटले गेले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट. पिशवी काढायची नाही, परत द्यायचे आहेत, अशी सूचना होती. आणि मग खरी अडचण आली: आश्रमात कचराच नव्हता. अंगण सारवलेलं, वाटा झाडलेल्या. दोन शिक्षक कुंपणाबाहेर जाऊन वाळकी पानं घेऊन आले, ती ओळीने पसरली आणि मुलांनी झाडली. "झाडू जरा वर धर, बॅनर झाकला जाते!" बॅनर पंधरा बाय दहाचा होता. त्यावर बापू एका कोपऱ्यात, संस्थाध्यक्ष मधोमध. तो बांधायला झाड हवं होतं, म्हणून सरांची नजर आदी निवासाजवळच्या पिंपळाकडे गेली. हा पिंपळ गांधीजींनी 1936 मध्ये लावला. तेव्हा बॅनर नव्हता, तरी झाड जगलं, हे आमच्या हरितसेना प्रमुखांना अजून पटलेलं नाही. आश्रमातल्या एका कार्यकर्त्याने हात जोडून नको म्हटलं, मग बॅनर दोन नववीच्या मुलांनी तासभर धरून ठेवला. अहवालात ही नोंद 'श्रमदान' या सदरात आहे.

इथे जरा जुनी गोष्ट सांगतो, कारण शाळांचे कार्यक्रम वर्ध्याला नवे नाहीत. 1937 साली वर्ध्यात मारवाडी शिक्षण मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. त्या निमित्ताने 22 आणि 23 ऑक्टोबरला शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. त्यातून झाकीर हुसेन समिती निघाली आणि नई तालीम देशापुढे आली. म्हणजे एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवातून देशाला शिक्षणाची योजना मिळाली. आमच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवातून स्टीलचे डबे मिळाले. तुलना करत नाही. डबे चांगले आहेत.

त्या समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा आखला आणि त्यातले 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला दिली. आम्हाला हे कसं परवडणार? तेवढा वेळ फोटोंनाच लागतो. उरलेल्या वेळात ते अपलोड करायचे असतात. सेवाग्रामलाच नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा 2005 पासून पुन्हा चालते आहे. तिथली मुलं शेतात काम करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात आणि गणित, विज्ञान त्यातूनच शिकतात. हे ऐकून आमचे एक सर कळवळले, "मग पोट्टे अभ्यास कधी करते?"

अकराशेत जो फोटो नाही, तो सांगतो. बॅनर गुंडाळणं चाललं होतं तेव्हा आठवीतली एक मुलगी टकळी घेऊन बसलेल्या आजोबांपाशी रेंगाळली. त्यांनी पेळू हातात दिला. तिने चिमटीत धरून टकळी फिरवली, सूत तुटलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तुटलं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त तिचा हात थोडा वर उचलला. सहाव्या-सातव्या खेपेला धागा निघाला, कुठे जाड, कुठे केसासारखा, पण सलग. आजोबांनी मोजला: चार फूट, म्हणजे एक तार. "असे 640 झाले की एक गुंडी," ते म्हणाले. पोरीने लगेच हिशेब केला, "म्हणजे 2,560 फूट!" पाढे येत नाहीत म्हणून याच मुलीला जादा तासाला बसवलं होतं. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. तिने सूत बोटाला गुंडाळलं आणि पळाली.

हे मी अहवालात लिहिलं. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि चष्मा काढला. "प्रमाणपत्र आहे का?" नाही. "फोटो?" नाही. "स्पर्धा होती का, क्रमांक वगैरे?" नव्हती. मग त्यांनी मन मोठं करून सांगितलं, 'इतर'मध्ये टाका. पण 'इतर'मध्ये बॅनरचं बिल आधीच बसलं होतं, जागा उरली नव्हती.

बॅनर अजून उत्तम स्थितीत आहे. पावसाळ्याआधी कोणाला गोठ्यावर टाकायचा असेल, तर शाळेच्या कार्यालयात विचारावं. पंधरा बाय दहा आहे, दोन म्हशी आरामात मावतील.