कोटेशनकाका

गाडीची पॉलिसी संपायला दीड महिना उरला की कोटेशनकाका कामाला लागतात. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. कोथरूड असो, डोंबिवली असो की नाशिकचं इंदिरानगर, चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत असे एक काका असतातच.

काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तिथे टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी तीन दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो साहेबांच्या सहीला ठेवायचा. निवृत्तीनंतर साहेब गेले, टाचण्या गेल्या. तक्ता राहिला.

आधी तयारी. डायनिंग टेबलावरून लोणच्याची बरणी हटते आणि तिथे आरसी, गेल्या वर्षीची पॉलिसी, पॅनकार्ड, पीयूसी आणि लाल-निळी पेनं मांडली जातात. मग काका टॉर्च घेऊन खाली उतरतात आणि चासी नंबर कागदाशी ताडून पाहतात. तो वर्षभरात बदललेला नसतो हे त्यांनाही ठाऊक असतं, पण स्थळपाहणी झाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. कोटेशन मागताना द्यायला त्यांनी वेगळं सिमकार्ड घेतलंय, कारण एकदा नंबर दिला की पॉलिसी घेऊन झाल्यावरही फोन थांबत नाहीत. ते सिम घातलेला जुना फोन फ्रिजवर असतो. तो वाजला की काकू आतून हाक मारतात, "अहो, तुमच्या सासरचा फोन!"

"सर, यह ऑफर सिर्फ आज के लिए है," पलीकडून घाई.

"ताई, मराठीत बोला. आणि आधी सांगा, आयडीव्ही किती धरलाय?"

इथे बहुतेक ताई 'सीनियर'ला फोन जोडून देतात. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नावर काकांना शंभरपैकी शंभर द्यावे लागतील. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पुरती निकामी झाली तर हाती येणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा. ती खाली ओढली की प्रीमियम आपोआप उतरतो आणि कोटेशन स्वस्त दिसतं. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो 50 टक्के. त्यानंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या परस्पर संमतीने ठरतो. काकांची गाडी सात वर्षांची आहे, आणि परस्पर संमती हा प्रकार त्यांना सोसायटीच्या सभेतही कधी साधलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा एकदा उत्साहाने म्हणाला, "काका, मी पाच कंपन्यांचं थर्ड पार्टी कंपेअर केलं!" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला 2022च्या जूनपासून 3416 रुपये, कुठेही जा. 2007 साली टॅरिफ उठलं ते 'ओन डॅमेज'चं, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं. घासाघीस करायची ती तिथे. मुलगा पंचेचाळीस मिनिटांनी सुटला.

तक्त्यातला काकांचा जीव की प्राण असलेला रकाना म्हणजे एनसीबी. सलग पाच वर्षं क्लेम नाही म्हटल्यावर ओन डॅमेजच्या हप्त्यात 50 टक्के सूट. एक क्लेम केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशी पायरी-पायरीने चढावं लागतं. काकांनी हिशेब मांडलाय. सूट न धरता हप्ता 6000 रुपये असेल, तर एका क्लेमपायी पुढच्या वर्षांत मिळून 7500 रुपयांची सूट हातची जाते. त्यामुळे भाजीवाल्याच्या टेम्पोने बंपर फोडला तेव्हा गॅरेजने 6200 सांगितले, आणि काकांनी सुतळीने बंपर बांधला. गणित बरोबर आहे. अडचण एवढीच की ते दरवर्षी बरोबर येतं. बंपरपाठोपाठ डाव्या दाराचा पोचा आला, मग तडकलेला टेललाइट, आणि एवढ्या कसोशीने निवडलेली पॉलिसी आजवर एकदाही पाकिटातून बाहेर आलेली नाही.

एका बाबतीत मात्र काका पैशाकडे बघत नाहीत. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. मेव्हण्याची गाडी सहकारनगरात पाण्यात उभी होती. सकाळी त्याने किल्ली फिरवली, इंजिन गेलं, आणि साध्या पॉलिसीत पाणी शिरलेलं इंजिन सुरू करून झालेलं नुकसान बसत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून 'इंजिन प्रोटेक्ट'चा रकाना लाल शाईत असतो. काकांची गाडी दुसऱ्या पार्किंगमध्ये, चढावर उभी असते हा भाग वेगळा. वाहनचालकांच्या संस्थेचं सभासदत्व असेल तर जुन्या टॅरिफप्रमाणे जास्तीत जास्त 200 रुपये सूट मिळायची. काकांनी तीही सोडली नव्हती. सभासदत्वाची फी वहीच्या वेगळ्या पानावर लिहिलेली आहे. ते पान ते कुणाला दाखवत नाहीत.

यंदा गाडीचं काम लवकर उरकलं आणि काका मेडिक्लेमकडे वळले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेल्याने तक्त्यातला एक रकाना रिकामा पडलाय, आणि रिकामा रकाना त्यांना सोसत नाही. तिथे आता 'आधीचे आजार' आले आहेत. लपवलेल्या आजारापायी क्लेम नाकारला जातो म्हणून काका लिफ्टमध्येच चौकशी सुरू करतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "शुगर? अगदी नॉर्मल."

काकांनी खिशातलं पेन काढलं. "उपाशीपोटी, की जेवल्यावर?"