वीतभर वारसदार

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, अडतीस वर्षांचा झाला की त्याचा वारसदार येत्या ड्राफ्टमध्ये घ्यावा की नाही, असा वाद त्या संघाच्या चाहत्यांत उद्भवतो. हा वाद जानेवारीत, संघ स्पर्धेतून बाद झाल्याच्या रात्री सुरू होतो आणि एप्रिलच्या अखेरीस, निर्णय भलत्याच कुणीतरी घेतल्यावर संपतो. मधल्या काळात चाहत्यांना विचारण्याची पद्धत नाही.

पक्ष मुख्यतः दोन. एकाचे म्हणणे, म्हाताऱ्यात अजून दोन वर्षे आहेत. तो पस्तीस वर्षांचा होता तेव्हाही ही वर्षे दोनच होती. ती खर्च होत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, म्हाताऱ्याचा खांदा गेला, पाय तर त्याआधीच गेले होते, तेव्हा पोरगा आत्ताच आणून बाकावर बसवावा आणि म्हाताऱ्याकडे बघत शिकू द्यावा. म्हणजे ज्याला आता काही जमत नाही असे ठरले आहे, त्याच्याकडूनच शिकायचे. शिवाय एक तिसरा, अल्पसंख्य पक्ष आहे. तो ‘आधी लाइन बघा’ एवढेच म्हणतो. क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून मार खाणारे पाच जण आधी नीट निवडा, असा त्याचा अर्थ. या पक्षाचे बहुधा बरोबर असते, म्हणून त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. तिन्ही पक्ष सामन्याला एकाच नंबरची जर्सी घालून येतात. म्हाताऱ्याच्या.

ड्राफ्टची रचना वादाला पोषक आहे. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि विद्यापीठांतून येणाऱ्या खेळाडूंपैकी एकेक उचलायचा. गेल्या हंगामात जो सर्वांत जास्त हरला त्याला पहिली संधी, विजेत्याला शेवटची. १९३६ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला तेव्हापासून सर्वसाधारणपणे हेच सूत्र आहे. दुबळ्याला बळ मिळावे हा हेतू. आता म्हातारा क्वार्टरबॅक ही चीज अशी की तो संघाला अजिंक्य करीत नाही आणि रसातळालाही जाऊ देत नाही. हंगामातल्या सतरा सामन्यांपैकी नऊ जिंकून देतो. नऊ विजयांच्या संघाचा नंबर अठरावा-विसावा लागतो आणि तोवर ज्यांच्यावरून वाद झाला ती दोन-तीन पोरे वरच्या संघांनी उचललेली असतात. वर सरकायचे तर पुढच्या वर्षांच्या निवडी देऊन टाकाव्या लागतात. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत अंगावर चार थर चढवून, तिकिटाचे शे-दोनशे डॉलर मोजून, आपला संघ हरावा म्हणून स्टेडियममध्ये बसलेला चाहता तर्काच्या दृष्टीने पूर्ण शुद्धीवर असतो.

पैशाची बाजू थोडक्यात अशी. २०२५ साली प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला सुमारे २८ कोटी डॉलरची कमाल मर्यादा होती. नावाजलेला क्वार्टरबॅक वर्षाला पाच कोटींपुढे मागतो. नवख्याचा पगार मात्र २०११ पासून त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून बांधून टाकलेला आहे, म्हणून तो स्वस्त. म्हाताऱ्याला काढावे, तर त्याला आधीच दिलेल्या बोनसचा पुढच्या वर्षांवर ढकललेला हिशेब संघाच्या डोक्यावर येऊन बसतो. याला डेड मनी म्हणतात. चाहत्यांना हे आकडे दशांशासह पाठ असतात. स्वतःच्या घराच्या कर्जाचा व्याजदर विचारला तर ते बायकोला हाक मारतात.

परंतु वादाचा निकाल यांपैकी कशावरही लागत नाही. तो वितीवर लागतो.

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक उमेदवारांची तपासणी होते. १९८७ पासून ती याच शहरात भरते आहे. उंची, वजन, बाहूची लांबी, मग चाळीस यार्ड पळून दाखव, जागच्या जागी उडी मारून दाखव. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमातले सगळे असते, पोहे तेवढे नसतात. उंचीची नोंद चार आकड्यांत करतात: सहा फूट दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच म्हणजे ६०२१. मग येतो हात. पंजा पट्टीवर ताणून ठेवायचा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर अष्टमांश इंचापर्यंत टिपायचे. नऊ इंच हा उंबरठा मानतात. नऊ भरले तर पोरगा वारसदार. आठ पूर्णांक सात अष्टमांश भरले तर हात दाखवून अवलक्षण. पूर्वी याच तपासणीच्या वेळी बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवण्याची बुद्धिचाचणीही घेत असत. ती २०२२ पासून बंद झाली. हात अजून मोजतात.

मोठ्या वितीचा सिद्धान्त असा: हात लहान असला की थंडीत आणि पावसात चेंडू निसटतो. चेंडूचा मधला घेर साधारण एकवीस इंच, म्हणजे निम्मा घेर साडेदहा. नऊ इंची वीत निम्म्यालाही पोचत नाही, आणि साडेनऊ इंचीही पोचत नाही. पण न पोचण्यातही प्रतवारी असते असे जाणकार मानतात. नऊ इंचांच्या आसपासच्या हाताने नाव कमावलेले क्वार्टरबॅक होऊन गेले आहेत आणि दहा इंचांहून मोठ्या हाताचे दोन-तीन हंगामांत घरी गेले आहेत. ही उदाहरणे दोन्ही पक्षांना ठाऊक असतात आणि दोन्ही पक्ष त्यांना अपवाद म्हणतात. हातमोजा घालून खेळायला बंदी नाही, हेही सर्वांना ठाऊक असते; परंतु हातमोजा घालणारा क्वार्टरबॅक चाहत्यांना पटत नाही. सगळ्यात नवल म्हणजे ज्या संघाचे मैदान छताखाली, वातानुकूलित आहे, त्याचे चाहतेही बर्फाचीच काळजी करतात.

वीत वाढवता येते असे मानणारी एक विद्याही आहे. अंगठ्याच्या बुडाशी मालिश करायची, बोटे ताणायची, आणि मार्चमध्ये आपल्या विद्यापीठात पुन्हा मोजणी होते तेव्हा अष्टमांश इंच जास्त भरून दाखवायचे. अष्टमांश इंच म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. या तीन मिलिमीटरवर चाहत्यांचे दोन आठवडे जातात. नखे धरून की नखे सोडून, असे कुणी विचारले की आणखी एक. या सुमारास घरोघर फूटपट्ट्या बाहेर येतात. चाहता आधी स्वतःचा पंजा ताणतो. तो आठावर थांबतो. मग मुलाचा, मग शेजाऱ्याचा, मग जेवायला आलेल्या मेहुण्याचा. मेहुण्याची वीत सव्वानऊ निघते आणि त्या दिवसापासून फुटबॉलवर मेहुणा जे बोलेल ते ऐकून घ्यावे लागते. म्हाताऱ्याचा हात मात्र एकदाच, तो स्वतः उमेदवार होता तेव्हा मोजला गेलेला असतो. तेव्हा तो नऊ पूर्णांक एक अष्टमांश भरला होता आणि हा काय टिकणार, अशी ओरड याच चाहत्यांनी केली होती. त्यानंतर त्याचा अंगठा एकदा मोडला, करंगळी दोनदा निखळली. पण दर विजयागणिक चाहत्यांच्या आठवणीत त्याची वीत थोडीथोडी वाढत गेली आणि सध्या ती साडेदहा इंचांवर येऊन थांबली आहे. अशा हाताला वारसदार मिळणे अवघडच.

क्वार्टरबॅकचे खरे काम वेगळे आहे. चेंडू हातात आल्यावर तीनेक सेकंदांत, सव्वाशे-दीडशे किलोचे चार जण अंगावर धावून येत असताना, आपला गडी पुढच्या क्षणी कुठे असेल हे ओळखून, अजून कुणीच पोचलेले नाही अशा जागी चेंडू टाकायचा. विद्यापीठात जमले म्हणून वरच्या पातळीवर जमेलच असे नाही. हे मोजण्याचे यंत्र निघालेले नाही. पट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

आणि हा हात कुणाचा, हे इथे लिहून ठेवले पाहिजे, कारण वादात ते कुणी काढत नाही. हा एकवीस-बावीस वर्षांच्या पोराचा हात आहे. याच्यासारख्या हातांवर विद्यापीठे दर शनिवारी लाख-लाख माणसांची स्टेडियमे भरवतात, टीव्हीचे करार करतात, मुख्य प्रशिक्षकाला वर्षाला कोटी डॉलरच्या घरात पगार देतात. आणि २०२१ सालापर्यंत या हाताला स्वतःची सही विकायला मनाई होती. फोटोवर नाव लिहून चार पैसे घेतले तर निलंबन. खेळ हौशी आहे, त्याचे पावित्र्य राखले पाहिजे, शिष्यवृत्ती मिळते ना, मग आणखी काय पाहिजे, असे सांगणारे लोक त्या स्टेडियममध्ये कोरी करकरीत जर्सी घालून बसलेले होते. तिच्या पाठीवर त्या पोराचा नंबर होता आणि तिच्या किमतीतला एक पैसाही त्या पोराकडे गेलेला नव्हता. नियम बदलले तेही कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे, कोर्टकचेऱ्या आणि राज्याराज्यांतले कायदे अंगावर आले म्हणून. फुकट होता तोवर या हाताची लांबी कुणी विचारली नाही. विकत घ्यायची वेळ आली तेव्हा अष्टमांशाचा हिशेब सुरू झाला. बरे, मोजून घेतल्यावर त्याने जायचे कुठे, हेही त्याला ठरवता येत नाही; जो संघ उचलेल त्याचे शहर आपले म्हणायचे. आणि या सगळ्यात एक हात कधीच पट्टीवर येत नाही. संघमालकाचा. दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलणारा, चाहत्याला आधी खुर्चीचे तिकीट घेण्याचा हक्क हजारो डॉलरना विकणारा आणि मग त्याच खुर्चीचे तिकीट वेगळे विकणारा, जुने स्टेडियम पंचवीस-तीस वर्षांत पडके ठरवून नव्यासाठी शहराच्या तिजोरीत कोपरापर्यंत शिरणारा तो हात. नाही दिलेत तर संघ दुसऱ्या गावी नेतो, असे म्हणताना तो हात हलतोसुद्धा. त्याची वीत किती, हे चाहते विचारत नाहीत. ते करदाते म्हणून पैसे भरतात, प्रेक्षक म्हणून पुन्हा भरतात, आणि घरी येऊन बावीस वर्षांच्या पोराची करंगळी आखूड आहे म्हणून चिडतात.

असो. विषय वारसदाराचा आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींतही या वादाचे अनुयायी आहेत. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, गणपतीही त्याच सुमारास येतात आणि शाळेचे सभागृह भाड्याने मिळते ते शनिवार-रविवारीच. तेव्हा रविवारी दुपारी आरतीच्या मागच्या रांगेत काही जणांची मान देवापुढे लवली आहे की फोनवर, हे पुढून कळत नाही. हाताच्या मोजणीवर या मंडळींचा विश्वास चटकन बसतो. हात बघून भविष्य सांगणे त्यांना नवे नाही.

ड्राफ्ट तीन दिवस चालतो. गुरुवारी संध्याकाळी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी व तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. गुरुवारी संघ बहुधा बचावफळीतला एखादा खेळाडू घेतो आणि दोन्ही मुख्य पक्ष एकाच वेळी हुर्यो करतात. लाइनचा पक्षही करतो. शुक्रवारी तिसऱ्या फेरीत एक क्वार्टरबॅक उचलला जातो. तो वारसदार म्हणावा एवढा वर नसतो आणि दुर्लक्ष करावे एवढा खालीही नसतो. त्याची वीत नऊ पूर्णांक तीन अष्टमांश असते. मध्यरात्रीपर्यंत पहिला पक्ष सिद्ध करतो की संघाचा म्हाताऱ्यावर विश्वास आहे, दुसरा सिद्ध करतो की तो उडाला आहे. पुरावा एकच असतो.

पहिल्याच फेरीत पोरगा घेतला असेल तर प्रकरण लांबते. त्याचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष द्यायचे की नाही हे संघाला तिसरा हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावे लागते. म्हाताऱ्यातली दोन वर्षे न संपल्यामुळे पोरगा तोवर बाकावर असतो. म्हाताऱ्याने त्याला शिकवावे अशी सर्वांची अपेक्षा असते. आपली नोकरी घ्यायला आलेल्याला कामाला लावून देण्याचे कलम त्याच्या करारात नसते. तीन हंगाम त्या नावाजलेल्या हाताचा उपयोग मुख्यतः मैदानाच्या कडेला टॅबलेट धरण्यासाठी होतो. पाचव्या वर्षाचा कोट्यवधी डॉलरचा निर्णय या आधारावर घेतात.

शनिवारी सातवी फेरी संपते आणि एकदोन दिवसांतच पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टचे पहिले अंदाज छापून येतात. त्यांत या संघाच्या नावापुढे विद्यापीठात अजून एक वर्ष बाकी असलेला एक क्वार्टरबॅक असतो. त्याचा हात अजून मोजलेला नसतो.