आत्या, या, पण शनिवारी! खारघरकरांसाठी सणासुदीची प्राथमिक मार्गदर्शिका

हा अभ्यासक्रम कुणासाठी?

खारघर सगळ्यांच्या वाटेवर आहे. गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेली गाडी सायन-पनवेल रस्त्यानं इथूनच जाते. दिवाळीत पुण्या-साताऱ्याकडून येणारे द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपला की इथेच ‘जरा पाय मोकळे’ करतात. त्यामुळे गणपती ते भाऊबीज या काळात टू-बीएचकेत राहणाऱ्या माणसाला नकाराचं रीतसर शिक्षण लागतं. दसऱ्याला सीमोल्लंघनाचा मुहूर्त असतो; सीमा आखायला पंचांगात एकही मुहूर्त दिलेला नाही. म्हणजे आजही चालेल.

साहित्य

भिंतीवरचं कॅलेंडर, पेन आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत. पहिल्या दोन वस्तू कुठल्याही सेक्टरमध्ये मिळतात.

पायरी 1 : बोलण्याचा खरा अर्थ लावणे

‘जाता जाता चहा घेऊ’ म्हणजे चहा, पोहे, अंघोळ, आणि पुढे रस्ता तुंबलेला असेल तर मुक्काम. ‘आमच्यासाठी वेगळं काही करू नकोस, पिठलंभात चालेल’ म्हणजे पिठलंभात आणि शिवाय मोदक. ‘अनारसे विकतचे का गं?’ याला उत्तर देऊ नये. तो प्रश्न नसतो.

पायरी 2 : ‘नाही’ म्हणू नका, आकडा सांगा

‘नाही’ म्हटलं की कारण विचारलं जातं आणि कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. ‘जागा नाही’वर ‘हॉलमध्ये गाद्या टाकू’. ‘ऑफिस आहे’वर ‘तू जा रे, किल्ली ठेवून जा’. आकड्यावर तोडगा काढणं अवघड असतं. नमुना संवाद :

आत्या : आम्ही बुधवारी निघतोय. सगळे मिळून सात जण.

तुम्ही : या ना आत्या. शनिवारी सकाळी या, रविवारी जेवून निघा. झोपायची सोय चौघांची आहे.

आत्या : म्हणजे आता आम्ही परके झालो का?

तुम्ही : (गप्प. मनात वीसपर्यंत मोजा. खुलासा केलात की बुधवार परत आला.)

आत्या : बरं बाबा, शनिवारी. कुरडया आणू का?

तुम्ही : आणा, भरपूर आणा.

कुरडयांना मर्यादा घालू नये.

पायरी 3 : वर्गणी आणि आवाज

नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आपली गाडी मंडपाशेजारी उभी असेल तर हा हक्क राखून ठेवावा. आवाजाचं म्हणाल तर 2000 सालच्या नियमांनी ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी केली आहे. सवलतीचे मोजके दिवस सरकार जाहीर करतं. काकांच्या राजकीय विश्लेषणाला असा नियम नाही. तिथे दहा वाजता हॉलचा दिवा मालवून गाद्या घालायला घ्याव्यात.

पायरी 4 : फराळ

रात्रीचे साडेअकरा. मोहन जास्त पडल्यामुळे चकली तेलात सुटते आहे. घरात माणसं सहा, सोऱ्या दाबणारा हात एक, आणि बाहेरून आवाज येतो, ‘मागच्या वर्षीची जास्त खुसखुशीत होती.’ या क्षणी सीमा आखू नये. हातात झारा असतो. ती आठवडाभर आधीच आखावी : जो सोऱ्याला हात लावेल, त्यालाच चकलीबद्दल मत. बाकीच्यांसाठी बचत गटाकडे ऑर्डर द्यावी आणि डब्यात भरताना पुडा लपवू नये.

पायरी 5 : पाहुण्यांना घराबाहेर काढणे (प्रेमानं)

17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे, स्थानकं 11. मुलांसह सगळ्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायला सांगावं. वाटेत सेंट्रल पार्क दाखवायला हरकत नाही. आपण सोबत जाऊ नये, हीच या पायरीतली मुख्य क्रिया.

दुष्परिणाम

पहिले दोन दिवस अपराधी वाटेल. घरातल्या बाईला जास्त वाटेल, कारण पाहुणे नाराज झाले की नाव तिचं घेतात. म्हणून आकडा सांगणारा फोन पुरुषानं, आणि त्यातही स्वतःच्या आत्याला करावा. तरीही जड गेलं तर खारघरच्या डोंगरातला पांडवकडा धबधबा आठवावा. तिथे पावसाळ्यात जायला बंदी असते, पण त्या डोंगराला आजवर कुणी शिष्ट म्हटलेलं नाही.

स्वाध्याय

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री मेसेज पडला : ‘उद्याच्या आरतीला एकशे एक मोदक कोण करेल?’ दहा मिनिटं झाली, कुणी बोललेलं नाही. तुमचा अंगठा फोनवर आहे. काय लिहाल?

उत्तर : ‘अकरा मी.’